लोअर आर्मचे बुश वर्षभरात दोनदा गेले. आता कंपनीचे लावू, लोकल लावू की पॉलियुरेथेनचे?

लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, आणि बुश म्हणजे त्याच्या सांध्यातला रबरी तुकडा. तुमच्या मेकॅनिकने ‘माल डुप्लिकेट निघाला’ असंच सांगितलं असणार. मलाही तेच सांगितलं होतं आणि मी दोनदा पैसे मोजले. त्याला आधी एवढंच विचारा की आर्मचे बोल्ट शेवटचे आवळले तेव्हा गाडी कुठे होती? लिफ्टवर, चाकं लोंबकळत? मग कोणताही बुश लावा, तो पुढचा पावसाळा बघणार नाही. बुश जेवढे खड्ड्यांनी जातात, त्याहून जास्त बसवणाऱ्यांच्या हातून जातात, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझी हॅचबॅक 2011 ची. मूळ बुश 78,000 किलोमीटर चालले. मी चिपळूणला राहतो, महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाटातून कऱ्हाडला जाणं असतं, तरीही चालले. नंतरची पहिली जोडी आठ महिन्यांत गेली, दुसरी सात. दुसऱ्या वेळी मी आवाज मनावर घेतला नव्हता. बारीक खड्ड्यात पुढून खट्खट् यायचं, वेग घेतला की ऐकू यायचं नाही. जुलैत हेळवाककडून घाट उतरत होतो, बायको आणि मुलगी गाडीत, पाऊस धो धो. वळणाआधी ब्रेक दाबला की स्टिअरिंग डावीकडे ओढ घ्यायचं, सोडला की परत सरळ. पोफळीला पोचलो तेव्हा तळहात घामाने ओले झाले होते. ब्रेक लागला की चाक मागे रेटलं जातं, आणि त्याला जागेवर धरतो आर्मचा मागचा बुश. तो सैल पडला की चाक मागे सरकतं आणि तोंडही फिरवतं. डाव्या टायरची आतली कड केव्हाच झिजली होती, मीच वाकून पाहिलं नव्हतं.

त्यानंतर डावा आर्म काढला, ओळखीच्या लेथवाल्याकडे प्रेसवर दोन्ही बुश दाबून काढले आणि घरी आणून करवतीने उभे कापले. दोघांची दोन तऱ्हा. पुढच्याचं रबर कोरडं, चांगलं टणक, पण आतल्या नळीच्या कडेने चंद्रकोरीसारखं फाटलेलं. मागच्याचं रबर फुगून बाहेर आलेलं; अंगठ्याचं नख रुतायचं आणि बोटाला काळं चिकट लागायचं. एकाच दुकानातला, एकाच दिवशी लावलेला माल. माल डुप्लिकेट असता तर दोघं सारखेच मेले असते ना?

बुश म्हणजे एकात एक दोन लोखंडी नळ्या आणि मधे दोन्हींना घट्ट चिकटवलेलं रबर. आर्म वर-खाली होतो तेव्हा आत काहीही घसरत नाही, रबर पिळलं जातं आणि सुटतं. बोल्ट आवळला की आतली नळी जागच्या जागी जखडते, आणि त्या क्षणी आर्म जिथे असेल ती रबराची आरामाची जागा ठरते. चाक लोंबकळत असताना आवळलं, तर गाडी जमिनीवर आली की रबर उभ्या जागी पिळलेलंच राहतं. वरून प्रत्येक खड्डा त्याला आणखी पिळतो. पुढचा बुश असा फाटला.

मागचा आमच्या घरातच मेला. माझे वडील, नाना, ट्रकच्या गॅरेजात आयुष्य घालवलेले. दरवर्षी मे महिन्यात गाडीच्या पोटाला जळकं ऑइल आणि डिझेल फवारून घ्यायचं हा त्यांचा नेम, आणि खट्खट् आली की आर्मच्या सांध्यात ग्रीस. मी ‘नाना, तुम्ही रबराला तेल लावू नका’ म्हटलं की उत्तर ठरलेलं: ‘आम्ही हजारो गाड्यांना ग्रीस मारलंय.’ मारलंय, आणि योग्यच मारलंय. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्या ज्या कडीला टांगतात त्या शॅकलला पिन असते, धातूवर धातू फिरतो, म्हणून तर तिथे ग्रीसचं निपल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, दिलेलं असतं. लोअर आर्मच्या बुशला निपल असतं का? तिथे फिरणारं काही नाहीच. खनिज तेल या रबरात मुरतं, ते फुगवतं आणि मऊ करतं. आवाज चार दिवस जातो, म्हणून माणूस फसतो. नाना आजही म्हणतात, तुझं रबरच हलकं होतं. पण तिसरी जोडी मी त्याच दुकानातून, त्याच किमतीत आणली, फवारणी बंद केली, आणि आज तिचे 41,000 किलोमीटर झालेत.

ती बसवताना एकच वेगळं केलं. बोल्ट नुसते बसवून ठेवले आणि गाडी सावकाश अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांची दिशा जुळवण्याच्या, रॅम्पवर नेली. तिथे चाकं टेकलेली असतात, गाडीचं वजन आर्मवर असतं. बंपर धरून पुढची बाजू चार वेळा दाबून सोडली आणि मग मॅन्युअलमध्ये ठरवून दिलेल्या टॉर्कला, म्हणजे तेवढ्याच जोराने, आवळलं. अलाइनमेंट तर तशीही करावीच लागते. असा रॅम्प असणारा गॅरेजवालाच शोधा. ‘काही फरक पडत नाही साहेब’ म्हणणाऱ्याकडून गाडी परत घ्या.

आता तुमचा प्रश्न. कंपनीचे मिळत असतील तर तेच घ्या, दोन्ही बाजूंचे एकदम. पॉलियुरेथेनच्या वाटेला रोजच्या गाडीसाठी जाऊ नका: कडक असतात, रस्त्याची थरथर आत येते आणि कोरडे पडले की कुरकुरतात. त्यांना ग्रीस लागतं, पण ते सिलिकॉनचं. हे नानांना सांगू नका, ते लगेच ‘बघ’ म्हणतील.

हे सगळं आडव्या बोल्टवर बसणाऱ्या बुशचं झालं. उभ्या बोल्टवरच्या बुशमध्ये पिळण्याचा हिशेब वेगळा असतो. काही बुशना रबरात खाचा असतात, त्या आर्मवरच्या खुणेशी जुळवूनच दाबायच्या. बॉल जॉइंटही (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा सांधा) हलत असेल आणि तो आर्ममध्येच बसवलेला असेल, तर तीन वेळा मजुरी देण्यापेक्षा अख्खा आर्म बदलणं स्वस्त पडतं. शिवाय नुसती खट्खट् असेल आणि ब्रेकला ओढ नसेल, तर आधी स्टॅबिलायझरची, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची, लिंक तपासा. ती स्वस्त असते आणि बहुतेक वेळा तीच वाजत असते.