कोल्हापुरात राहून संविधान आणि कायद्याचं तत्त्वज्ञान शिकवण्यात करिअर होतं का?

तुम्ही लिहिलंय की एलएलबीचं शेवटचं वर्ष आहे, संविधान आणि ज्युरिस्प्रुडन्स (कायद्याचं तत्त्वज्ञान) हे दोनच पेपर मनापासून वाचावेसे वाटतात, कोर्टात मात्र मन रमत नाही. आणि घरचे म्हणतात, "आता हायकोर्टाचं सर्किट बेंच दारात आलंय, मास्तरकी कसली?"

घरच्यांचं अगदीच चुकीचं नाही. १८ ऑगस्ट २०२५ ला सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत बेंच सुरू झालं आणि सहा जिल्ह्यांचं काम तिथं आलं. माझे वर्गमित्र एका तारखेसाठी रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडून मुंबईला जायचे, ते आता दुपारी घरी जेवायला येतात. जुनिअरला इतकं काम या गावात पूर्वी कधी नव्हतं.

तरी तुमच्या प्रश्नाचं उत्तर "होतं" असंच आहे, फक्त उशिरा होतं. मी सतरा वर्षं शिकवतेय. त्यातली पहिली आठ तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर. जितके तास घेतले तितके पैसे, मे महिन्यात शून्य, आणि मार्चचं बिल गणपतीच्या आसपास निघायचं. त्या वर्षांत घर नवऱ्याच्या पगारावर चाललं, हे लपवून काय करायचं? अनुदानित किंवा सरकारी कायम पद मिळालं, तर सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, वर भत्ते. विनाअनुदानित कॉलेजात जे ठरेल ते. त्यासाठी एलएलएमला ५५ टक्के (राखीव प्रवर्गाला पाच टक्क्यांची सवलत) आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, पुढे पीएचडी. नेटच्या कायद्याच्या अभ्यासक्रमात पहिला घटक ज्युरिस्प्रुडन्स आणि दुसरा संविधान आहे, म्हणजे सुरुवात तरी तुमच्या मैदानावर होते.

पण पैशांआधी एक गोष्ट तपासा. निकाल लागला की वकिलाचं काम संपतं. आमचं तिथून सुरू होतं. त्यात तुम्हाला गोडी आहे का?

एक प्रसंग सांगते. सीएचबीच्या दिवसांत आरक्षणाचा भाग शिकवत होते. इंद्रा साहनी खटला, १९९२, नऊ न्यायाधीश, पन्नास टक्क्यांची मर्यादा, असं फळ्यावर लिहीत होते. मागच्या बाकावरून गारगोटीकडच्या एका मुलानं विचारलं, "मॅडम, शाहू महाराजांनी पण पन्नासच टक्के दिलेले की. तेच हे पन्नास का?" मी म्हणाले, योगायोग आहे, पुढं चला. पोर्शन संपवायचा होता.

घरी आल्यावर ते उत्तर मलाच टोचायला लागलं. २६ जुलै १९०२ चा आदेश काढून नीट वाचला. त्यात म्हटलंय की यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के मागासलेल्या वर्गांतल्या उमेदवारांनी भराव्यात. आणि ज्या कचेरीत त्यांचं प्रमाण पन्नासपेक्षा कमी असेल, तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करावी. म्हणजे महाराजांचे पन्नास ही जमीन होती, याच्या खाली यायचं नाही. १९६२ च्या बालाजी खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की आरक्षण ढोबळमानानं पन्नासच्या आत असावं, आणि १९९२ ला अपवादात्मक परिस्थिती सोडली तर पन्नास हे छत झालं. आकडा तोच, पण नव्वद वर्षांत जमिनीचं छत झालं. आणि गंमत बघा, १९९२ साली संविधानाच्या कलम १५ किंवा १६ मध्ये पन्नास हा आकडा कुठंच नव्हता. तो कलम १६ मध्ये शिरला २००० सालच्या ८१व्या घटनादुरुस्तीनं, तोही न्यायालयानं आखलेली मर्यादा गृहीत धरून.

मग न्यायाधीशांनी तो आणला कुठून? इथं ज्युरिस्प्रुडन्सचा कोरडा वाटणारा पेपर एकदम जिवंत होतो. कायद्याचा तत्त्वज्ञ हार्ट म्हणेल, नियम जिथं संपतात तिथं न्यायाधीश स्वतःच्या तारतम्यानं नवा नियम करतो, हे मान्य करा. त्याचा टीकाकार ड्वॉर्किन म्हणेल, नाही, समतेचं तत्त्व कायद्यात आधीच होतं, त्यांनी ते फक्त शोधलं. २०२१ ला मराठा आरक्षणाच्या निकालात पाच न्यायाधीशांनी हे छत हलवायला नकार दिला. पुढच्याच वर्षी आर्थिक दुर्बल घटकांच्या खटल्यात तीन विरुद्ध दोन अशा बहुमतानं तेच छत लवचीक ठरलं. आता यात हार्ट बरोबर की ड्वॉर्किन, यावर आमच्या वर्गात दरवर्षी भांडण होतं, आणि या विषयावर कोल्हापुरात कुणाला झोप येत नाही. पुढच्या तासाला मी त्या मुलाची माफी मागितली. माझी पीएचडी त्याच्याच प्रश्नावर झाली.

"प्राध्यापकांचं ऐकतं कोण?" असंही तुम्ही विचारलंय. १९६५ मध्ये डीटर कॉनराड नावाच्या जर्मन प्राध्यापकानं बनारसला भाषण दिलं की घटनादुरुस्तीच्या अधिकारालाही अंगभूत मर्यादा असतात. ते एम. के. नंबियार या वकिलांच्या हाती लागलं, त्यांनी १९६७ ला गोलकनाथ खटल्यात तो मुद्दा मांडला, आणि २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती निकालात सात विरुद्ध सहा मतांनी संसदेलाही दुरुस्तीनं मोडता न येणारी संविधानाची मूलभूत चौकट उभी राहिली.

दुसरं उदाहरण आपल्या राज्यातलं. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातल्या अत्याचाराच्या खटल्यात, ज्याला मथुरा केस म्हणतात, सर्वोच्च न्यायालयानं दोन पोलिसांना निर्दोष सोडलं. १९७९ ला उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या शिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. निकाल बदलला नाही, पण देशभर आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ ला कायदा बदलला: कोठडीतल्या अत्याचारात स्त्रीनं संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयानं ते गृहीत धरायचं. वर्गात मी ते पत्र मोठ्यानं वाचते.

एक अडचण कुणी सांगत नाही, ती म्हणजे भाषा. आमची निम्मी मुलं पेपर मराठीत लिहितात आणि चांगली पुस्तकं इंग्रजीत. हार्टच्या "रूल ऑफ रेकग्निशन"ला सोपा मराठी शब्द मला अजून सापडलेला नाही. "ज्या नियमानं कायदा ओळखायचा तो नियम" असं लांबलचक सांगते आणि पुढं जाते. असं रोज करावं लागेल.

आता करायचं काय? विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात बसा, न पटणारा एक निकाल पूर्ण वाचा आणि त्याची बाजू एका पानात अशी लिहा की तो लिहिणाऱ्या न्यायाधीशालाही मान्य व्हावी. हे करताना मजा आली तर एलएलएमला जा. कंटाळा आला तर बेंच आहेच.

आणि घरच्यांसाठी तोडगाही आहे. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घ्या. नियमानं वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो, त्यामुळं काही वर्षं दोन्ही जमतं. सनद स्थगित करायचा प्रश्न पूर्णवेळ पगारी पद मिळाल्यावर येतो, तेव्हा घरचे भांडणार नाहीत. नेट जून आणि डिसेंबरला असते, आणि एलएलएमच्या शेवटच्या वर्षात असतानाही बसता येतं.