नॅस्डॅक वर, ईटीएफ लाल: माझाही असाच पोपट झाला होता

'नॅस्डॅक वाढलाय, मग माझा ईटीएफ तोट्यात कसा? ईटीएफ तर सोपा असतो ना?' हा तुमचा प्रश्न वाचला आणि जुनी जखम ठसठसली. (नॅस्डॅक म्हणजे इथे अमेरिकन शेअरचा इंडेक्स, ईटीएफ म्हणजे इंडेक्सच्या मागे चालणारा आणि शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड.) (मी नोंदणीकृत सल्लागार नाही, फक्त पोळलेला माणूस आहे.)

मी नॅस्डॅकचा ईटीएफ घेतला तेव्हा आय-एनएव्ही (बाजार चालू असताना दिसणारी एनएव्ही, म्हणजे एका युनिटची खरी किंमत) १०० च्या आसपास होती आणि स्क्रीनवर भाव ११८. मी फक्त भाव पाहिला आणि मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाने खरेदी) टाकून मोकळा झालो. पुढे इंडेक्स ८ टक्के वाढला, एनएव्ही १०८ झाली, पण प्रीमियम, म्हणजे एनएव्हीपेक्षा जास्त मोजलेला भाव, १८ वरून ४ टक्क्यांवर आला. भाव उरला ११२. इंडेक्स बरोबर ओळखूनही ५ टक्के तोटा!

ब्रोकरकडे तीनदा तक्रार केली. तिन्ही वेळा एकच ठोकळेबाज उत्तर, 'ऑर्डर बाजारभावाने पूर्ण झाली आहे', आणि तिकीट बंद. चूक माझीच होती, मान्य. पण प्रीमियम हा शब्द तरी उच्चारायचा की नाही?

एवढा प्रीमियम का, तर कारण साधं आहे. परदेशी गुंतवणुकीसाठी सगळ्या म्युच्युअल फंडांना मिळून ७ अब्ज डॉलरची मर्यादा आहे. ती भरत आली की फंड नवी युनिट्स काढू शकत नाही, मग आहेत त्याच युनिट्सवर उड्या पडतात आणि भाव एनएव्हीच्या वर जातो. थेट फंडाकडून घ्यायचं तर व्यवहार २५ कोटींच्या वरचा लागतो. म्हणजे आपण बाहेरच.

रिस्कोमीटरवर (फंडाची जोखीम दाखवणाऱ्या काट्यावर) विसंबू नका. साध्या निफ्टी ईटीएफलाही तो 'अति उच्च'च दाखवतो. माझ्या मते किचकट कोणता हे ओळखायला दोनच गोष्टी बघाव्यात: नवी युनिट्स मोकळेपणी निघतात का, आणि आत खरे शेअर (किंवा चांदी) आहेत की डेरिव्हेटिव्ह, म्हणजे त्यांच्या भावावर बेतलेले करार. अमेरिकेतले दुप्पटवाले ईटीएफ (इंडेक्सच्या रोजच्या चढ-उताराच्या दुप्पट हलणारे) दुसऱ्या गोष्टीत अडकतात. इंडेक्स एक दिवस १० टक्के पडला, दुसऱ्या दिवशी १० टक्के चढला, तर १०० चे ९९ होतात, दुप्पटवाल्यात ९६. पहिल्या गोष्टीत आपले चांदीचे ईटीएफही सापडले होते, ऑक्टोबर २०२५ मध्ये. काही फंडांनी तेव्हा चांदीच्या फंड ऑफ फंडात (चांदीच्या ईटीएफमध्ये पैसे लावणाऱ्या फंडात) एकरकमी पैसे घेणंच थांबवलं.

आपला बाजार चालू असताना अमेरिकेचा बंद असतो, त्यामुळे आय-एनएव्हीही थोडी अंदाजपंचेच. पण १८ टक्क्यांचा फरक त्याने पडत नाही. आणि हो, मार्केट ऑर्डर कधीच नको, लिमिटच टाका, म्हणजे आपण ठरवलेल्या भावापेक्षा महाग खरेदी होत नाही.

काँट्रॅक्ट नोटवरचा (ब्रोकरने पाठवलेल्या व्यवहाराच्या पावतीवरचा) भाव आणि त्या दिवशीची एनएव्ही इथे टाका. विकायचं की ठेवायचं ते मग बोलू.