जात्यावरच्या ओव्यांवर प्रबंध करायचा आहे. मूळ ध्वनिमुद्रणे कुठे मिळतील?

‘पारी’ म्हणजेच पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या संकेतस्थळावर ती विनामूल्य ऐकता येतात. हेमा राईरकर व गी पॉइत्व्हाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी जाऊन जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह असून, २०१७ पासून त्यातील ओव्या तेथे टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होत आहेत. ओव्यांखाली गाणाऱ्या बाईचे नाव, गाव, तालुका, व्यवसाय, इतकेच नव्हे तर मुलांची संख्याही नोंदवलेली आढळते. लोकसाहित्य अनामिक असते असे म्हणत ज्यांची नावे आपण गाळत आलो, त्या बायकांची ही नोंद मला फार मोलाची वाटते. मात्र बहुतेक ओव्या केवळ लिखित स्वरूपात आहेत, त्यामुळे चालींचा अभ्यास करायचा असल्यास ध्वनिमुद्रित ओव्या आधी मोजून मगच विषय नक्की करावा.