आधी स्फटिक ओळख, मग हिरवा प्रकाश मोज

प्रिय संशोधक,

अरेषीय प्रकाशिकीसाठी (जिथे स्फटिक लेसरची वारंवारता दुप्पट करतो) पहिला सेंद्रिय स्फटिक म्हणून ग्लायसीन निवडलंस, बरं केलंस. स्वस्त आहे, पाण्यात सहज विरघळतं आणि तितक्याच सहज फसवतं. नुसत्या पाण्यातून बहुधा अल्फा रूप येतं, म्हणजे त्याच रेणूंची एक वेगळी स्फटिकरचना. त्याच्या रचनेला सममितीकेंद्र (ज्याच्या आरपार दोन्ही बाजू सारख्या असतात असा बिंदू) असल्यामुळे लेसर कितीही वाढवला तरी दुप्पट वारंवारतेचा प्रकाश त्यातून मिळत नाही. तुला हवं गॅमा रूप, आणि त्यासाठी द्रावणात मीठ लागतं.

मोल प्रमाण ३:१ धर. म्हणजे १०० मिलि विआयनीकृत पाण्यात २२.५ ग्रॅम ग्लायसीन आणि ५.८ ग्रॅम सोडियम क्लोराइड. पूर्ण विरघळल्यावर गाळून घे, ३५ अंशांच्या बाथमध्ये ठेव आणि झाकणाच्या फिल्मला टाचणीने मोजकीच भोकं पाड. घाईने थंड केलंस तर तळाशी अल्फाची रेती पडायची भीती असते. अमिनो आम्लाच्या द्रावणाला बुरशीही लागते. पांढरे तंतू दिसले तर गाळून वाचवत बसू नकोस, टाकून दे.

बीजस्फटिक दोन-तीन मिलिमीटरचा, आत धुकं नसलेला निवड. टांगताना द्रावण संपृक्ततेच्या तापमानाहून अर्धा-एक अंश गरम ठेव, म्हणजे ओरखड्यांचा थर काही मिनिटांत विरघळेल. तो राहिला, तर तिथेच द्रावणाचे थेंब आत अडकतात. गॅमाचा सी-अक्ष ध्रुवीय असतो, म्हणजे त्याची दोन टोकं एकसारखी नसतात, त्यामुळे ती सारखी वाढत नाहीत. बेढब दिसला म्हणून फेकू नकोस.

आता मुख्य मुद्दा. मिठाच्या द्रावणातून आला म्हणून स्फटिकात मीठ असतंच असं नाही. ‘ग्लायसीन अमुक क्लोराइड’ छापाच्या नावांनी जाहीर झालेले काही ‘नवे’ स्फटिक नंतर साधं गॅमा ग्लायसीन ठरले. गोवा विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी अशा दाव्यांची झाडाझडती घेणारे लेख लिहिलेत, ते आधी वाच. ईडीएक्समध्ये (एक्स-किरणांवरून मूलद्रव्यं ओळखणाऱ्या तपासणीत) सोडियम-क्लोरीन दिसलं तरी हुरळू नकोस, पृष्ठभागावर सुकलेलं मातृद्रावणही (ज्यातून स्फटिक वाढला ते द्रावण) तेच दाखवतं. स्फटिक फोड, आतला स्वच्छ तुकडा पाण्यात विरघळव, विरल नायट्रिक आम्लाचे दोन थेंब आणि थोडं सिल्व्हर नायट्रेट घाल. दाट पांढरा साका आला तर क्लोराइड खरोखरच आत आहे. जेमतेम गढूळ झालं तर ते अडकलेल्या द्रावणाचं समज. काही मिनिटांची ही चाचणी डझनभर आलेखांपेक्षा मोलाची. मग एक्स-रे: गॅमाचा षट्कोनी एकक कोश (रचनेचा पुन्हापुन्हा येणारा सर्वात लहान तुकडा), बाजू ए सुमारे ७.०४ आणि सी ५.४८ अँगस्ट्रॉम. अल्फा एकनताक्ष (एकच अक्ष तिरपा असलेला), त्याचा बी सुमारे ११.९७.

एवढं झाल्यावरच कुर्ट्झ आणि पेरी यांच्या १९६८च्या भुकटी-पद्धतीकडे वळ. १०६४ नॅनोमीटरचा लेसर आत, ५३२चा हिरवा बाहेर. तुलनेसाठीचा केडीपी (पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट) आणि तुझा नमुना एकाच चाळणीचे, समजा १२५ ते १५० मायक्रोमीटर, आणि भुकटीच्या थराची जाडीही तीच. संकेत कणांच्या आकारावर अवलंबून असतो, म्हणून आकार न सांगता दिलेलं ‘केडीपीच्या इतके पट’ हे वाक्य निरर्थक. डिटेक्टरपुढे ५३२चं अरुंद फिल्टर लाव. पल्सची ऊर्जा दुप्पट केल्यावर संकेत चौपट व्हायला हवा. तसा होत नसेल तर डिटेक्टर संपृक्त झालाय का, भुकटी जळतेय का, ते बघ.

पारदर्शकतेचा वर्णपट द्रावणाचा देऊ नकोस. एक-दोन मिलिमीटरची चकती दोन्ही बाजूंनी घासून घे, पण पाण्याने नव्हे, नाहीतर पृष्ठभागच विरघळेल. बारीक अ‍ॅल्युमिना पॅराफिन तेलात कालवून वापर.