स्मिथ मशीनवर ८० किलो, मोकळ्या बारवर ५०: मग माझी ताकद नक्की किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्षभर स्मिथ मशीनवर (जिचा बार रुळांतून फक्त वर-खाली सरकतो) स्क्वॉट, म्हणजे वजन खांद्यावर घेऊन बसून उठायचा व्यायाम, करताय, ८० किलोपर्यंत पोचलात, आणि परवा मोकळा बार खांद्यावर घेतला तर ५० ला पाय लटपटले. ट्रेनर म्हणतो मशीनच बरी, मित्र म्हणतात मशीनवरचं वजन धरायचंच नाही. ताकद वाढवायची तर कशावर भर द्यावा?

मोकळ्या बारवर. स्मिथ सोडू नका, पण ती नंतर. मी बडोद्यात कारेलीबागेत एका जिममध्ये शिकवते आणि हाच गोंधळ घेऊन येणारे नेहमी भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचे ८० किलो खोटे नाहीत, ते तुमच्याच मांड्यांनी उचललेत. पण स्मिथचा बार रुळांत बसवलेला असतो. तो पुढे-मागे सरकू शकत नाही, तिरका होऊ शकत नाही, म्हणजे तोल सांभाळायचं काम तुमच्याकडे उरतच नाही. त्यामुळे स्क्वॉटमध्ये बहुतेकांचा आकडा मशीनवर जास्तच निघतो. आणखी एक तपासा. मोकळा ऑलिम्पिक बार नुसताच २० किलोचा असतो. स्मिथच्या बारला बऱ्याचदा आतून उलटं वजन जोडलेलं असतं, म्हणून तो हाताला हलका लागतो. तुम्ही बारचे २० धरून ८० मोजले असतील, तर खरं वजन तेवढं नसेलही.

आता पायांकडे बघा. मशीनवर करताना तुमचे पाय बारच्या बरेच पुढे असतात का? बहुतेकांचे असतात. पाठ बारला टेकल्यासारखी, धड जवळजवळ उभं. मोकळ्या बारखाली असे उभे राहिलात तर सरळ मागे पडाल. तिथे बार पावलाच्या मध्यावरच राहायला हवा, त्यासाठी कंबर मागे जाते, धड पुढे झुकतं, आणि नितंब, मांडीची मागची बाजू, पाठीचा कणा धरून ठेवणारे स्नायू सगळ्यांना कामाला लागावं लागतं. मशीनवरून आलेल्या माणसाचा पहिला मोकळा स्क्वॉट मी नेहमी बाजूने बघते. खाली जाताना ठीक असतं. अगदी तळाशी, वर यायच्या क्षणी, बार पंजांच्या दिशेने सरकतो आणि बुटाची टाच रबरी मॅटवरून बोटभर उचलली जाते. लटपट सुरू होते ती तिथे. मांडीत जोर असतो, पण तो जोर सरळ वर लावायची सवय शरीराला नसते.

२००९ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी दोन्ही प्रकारांत स्नायूंची विद्युत हालचाल, म्हणजे स्नायू किती कामाला लागतात ते, मोजली होती. सगळ्या स्नायूंची सरासरी धरली तर मोकळ्या बारवर ती ४३ टक्के जास्त भरली. माणसं सहाच होती, म्हणून त्या आकड्यावर मी सगळी भिस्त ठेवणार नाही. मला जास्त पटतो तो २०२३ चा आढावा, ज्यात मशीन आणि मोकळी वजनं यांच्या सरावाची तुलना करणाऱ्या बऱ्याच चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. स्नायूंची वाढ दोन्हीकडे सारखीच निघाली. ताकद मात्र ज्यावर सराव केला त्यावरच जास्त वाढली. म्हणजे नुसत्या मांड्या भरायच्या असतील तर तुमचा ट्रेनर चुकीचं सांगत नाही. पण तुम्ही ताकद विचारलीत. गॅस सिलिंडर जिन्यावरून चढवताना रूळ नसतात.

आमच्याकडे तिसरंही एक मत ऐकू येतं: मशीन नको, बार नको, बैठका मार. दांडिया बाजारातलं जुम्मादादा व्यायाममंदिर आणि तिथले व्यायामगुरू प्रो. माणिकराव यांच्यामुळे बडोद्याच्या मराठी घरांत ते मुरलेलं आहे, आणि त्या परंपरेबद्दल मला मनापासून आदर आहे. बैठकांनी दमसास वाढतो, गुडघे-घोटे मोकळे राहतात. पण वजन तुमचं स्वतःचंच राहतं. एकदा शंभर सहज निघू लागल्या की पुढे संख्या वाढते, जास्तीत जास्त उचलायची ताकद फारशी वाढत नाही. त्यासाठी भार वाढवत न्यावाच लागतो.

तुम्ही आता ५० वरही थांबू नका, आणखी खाली या. आठवडाभर डंबेल छातीशी धरून स्क्वॉट करा, मग रिकामा २० किलोचा बार. पाच-पाचचे तीन सेट, आठवड्यातून दोनदा-तीनदा. मांडीचा सांधा गुडघ्याच्या खाली जाईपर्यंत बसा. टाचा जमिनीवर आणि गुडघे पंजांच्या दिशेने राहिले, तरच पुढच्या वेळी दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची प्लेट चढवा. यात घाई करायचा मोह होईल, कारण मांड्यांना हे वजन किरकोळ वाटेल. पण आत्ता शिकायचाय तो तोल. धावायचे मऊ तळव्याचे बूट नकोत, सपाट तळ हवा. खाली जाण्याआधी पोटात श्वास भरून पोट घट्ट धरा. ब्लडप्रेशरचा त्रास असेल तर श्वास असा रोखण्याआधी डॉक्टरांना विचारा.

सुरक्षिततेची ट्रेनरची काळजी रास्त आहे, पण तिचं उत्तर रॅकमध्ये, म्हणजे बार ठेवायच्या लोखंडी चौकटीत, आहे. दोन्ही बाजूंचे सेफ्टी बार तुमच्या सर्वांत खालच्या स्थितीपेक्षा दोन बोटं खाली लावा आणि रिकाम्या बारने एकदा त्यावर मुद्दाम टेकून बघा. वजन उठलं नाही तर तिथे ठेवून बाहेर यायचं, बस. तुमच्या जिममध्ये रॅकच नसेल तर जड मोकळा स्क्वॉट एकट्याने करू नका.

आणि स्मिथ? मोकळे सेट झाले की त्याच दिवशी शेवटी. दमलेल्या पायांनी एक पाय मागे ठेवून करायचे स्प्लिट स्क्वॉट किंवा पोटऱ्यांचा व्यायाम यासाठी ती उत्तम आहे, कारण तिथे तोल जायची भीती नसते आणि स्नायू पूर्ण थकेपर्यंत जाता येतं. तिथले आकडे मात्र वहीत वेगळ्या पानावर लिहा, म्हणजे मोकळ्या बारचं वजन त्या ८० शी ताडून बघायचा मोह होणार नाही.