सिस्टर, तिकडे दिवसभर करता तरी काय?

(वसईच्या एक सिस्टर सहा वर्षं टांझानियात, डोडोमाजवळ मुलींचं हॉस्टेल सांभाळतात. वाचकांच्या प्रश्नांना त्यांची उत्तरं.)

प्रश्न : मिशनरी म्हटलं की प्रार्थना, प्रवचन, दवाखाना एवढंच डोळ्यासमोर येतं. तुमचा दिवस खरा जातो कसा? (वाचक, निर्मळ)

उत्तर : खरं सांगू का, अर्धा दिवस यादीत जातो. सकाळची मिस्सा झाली की वही घेऊन स्वयंपाकघरात, काय संपलंय ते लिहायचं, राजम्यासारख्या बिया (इथे माहारागे म्हणतात), मक्याचं पीठ, मीठ, साबण, मग कोणाला चप्पल हवी कोणाची वही संपली, आणि मग बाजार. बाजारात टोमॅटो किलोवर नाही मिळत, ढीग लावलेले असतात, त्याला म्हणतात फुंगू. मला पहिल्याच दिवशी हसू आलं, अहो हा आपला वाटाच की! वसईच्या मार्केटात बोंबलांचा वाटा लावतात ना अगदी तस्सा, वरचे चार टोमॅटो लालबुंद नि खालचे दोन मऊ पडलेले. १००० शिलिंगचा वाटा, म्हणजे आपले तीसपस्तीस रुपये. वर दोन घाल म्हणायला शब्दपण आहे, न्योंगेझा, तो मी स्वाहिलीतल्या प्रार्थनेच्या आधी शिकले.

फक्त एक आहे, गेल्या गेल्या "कसे दिले?" विचारायचं नाही. आधी सकाळ कशी आहे, घरचे कसे आहेत, झोप झाली का, आणि मग टोमॅटो. सुरुवातीला मी घाईत असायची तर भाजीवाली मामा (इथे मामा म्हणजे आई, मोठ्या बाईला तसंच म्हणतात) नुसती बघत बसायची, भाव सांगायचीच नाही.

प्रश्न : भाषेमुळे कधी फजिती झाली का? (वाचक, नालासोपारा)

उत्तर : एकदा? भाषेपेक्षा घड्याळानेच जास्त केली. इथे दिवस उजाडला की तास मोजायला सुरुवात, म्हणजे आपले सकाळचे सात ते त्यांचा एक. नळ गळत होता, मी फुंदीला (म्हणजे मिस्त्रीला) फोनवर सांगितलं सा टाटू, माझ्या डोक्यात दुपारचे तीन. तो बिचारा सकाळी नऊला येऊन गेटवर उभा, मी बाजारात, आणि मी तीन वाजता वाट बघत बसले नि मनातल्या मनात त्याला नावं ठेवली. संध्याकाळी मुलींनी सांगितलं की माणूस येऊन गेला, तोवर बादली तिसऱ्यांदा भरली होती.

दुसरं म्हणजे शिकामो. लहानांनी मोठ्यांना म्हणायचं, भाव साधारण पाया पडते असाच, आणि मोठ्यांनी माराहाबा म्हणायचं. मी नवी नवी, नम्रपणे जी दिसेल तिला शिकामो, अगदी दहावीतल्या पोरीलासुद्धा. ती पळूनच गेली.

लाईटचं पण सांगते. मीटर प्रीपेड आहे, लुकू म्हणतात, मोबाईलवरून पैसे भरले की २० आकडी नंबर येतो तो मीटरवर दाबायचा. हे काम नेहमी अंधारातच का निघतं देव जाणे, एक मुलगी टॉर्च धरते, दुसरी आकडे वाचते, मी दाबते, आणि सतराव्या आकड्याला कोणीतरी शिंकतं.

प्रश्न : आपल्याकडून कोणी पूर्वी तिकडे गेलं होतं का? (वाचक, नाशिक)

उत्तर : तुमच्याच गावातून! शरणपूर रोडवरून रोज जात असाल. त्या शरणपूरला मिशनने गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांसाठी आश्रम काढला होता. तिथे शिकलेला जेकब वेनराइट पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या (आफ्रिका पालथी घालणारा तो स्कॉटिश मिशनरी) तांड्यात होता. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारला तेव्हा सोबत्यांनी त्याचा देह कित्येक महिने चालत इथल्या बागामोयो बंदरापर्यंत आणला, आणि १८७४ मध्ये जेकब त्या शवपेटीबरोबर थेट लंडनला गेला. पण मला त्याच्यातलं आवडतं ते वेगळंच. मालक गेल्यावर पेट्या उघडून आत काय काय आहे त्याची यादी करायचं काम जेकबकडे आलं, कारण त्याला लिहिता येत होतं. माझी किराणाची वही बघितली की मला तो आठवतो. पुढे १८७५ मध्ये आजच्या केनियात मोंबासाजवळ गुलामीतून सुटलेल्यांची वस्ती, फ्रिअर टाउन, वसली, तिथेही नाशिकची ही मंडळी होती.

प्रश्न : जेवणाचं काय? आणि इथून काही पाठवू का? (वाचक, आगाशी)

उत्तर : जेवण छान आहे हो. डोडोमाकडे पाऊस कमी, म्हणून बाजरी-ज्वारी पिकते, बाजरीला उवेले म्हणतात, रविवारी मी तिच्या भाकऱ्या थापते नि मुली चपाती म्हणून खातात. माठासारखी मचिचा मिळते, लसूण घालून परतली की झालं.

पाठवायचं तर सुकेळी पाठवा. मागे आली होती तेव्हा एका मुलीने खाऊन सांगितलं, टेंडे! म्हणजे खजूर. केळं आहे म्हणून मी किती सांगितलं, पटलंच नाही तिला, इथे घरोघरी केळी असून. मात्र कोणाबरोबर पाठवलंत तर प्लास्टिकच्या कॅरीबॅगेत नको, २०१९ पासून इथे बंदी आहे, विमानतळावरच काढून घेतात. पोस्टाने पाठवलंत तर पोस्टमन दारात येत नाही, पोस्टात आमची पेटी आहे (पेटीला सांदुकू, बघा, आपली संदूकच), तिचा नंबर नीट लिहा. मागच्या वेळी शेवटचा आकडा चुकला आणि आमची सुकेळी पंधरा दिवस दुसऱ्याच्याच पेटीत बसून होती.