चार वाजताचा चहा आणि बावीस प्रतिज्ञा

"आतून एक वाटतं, धम्म दुसरंच सांगतो. ऐकू कुणाचं?" बौद्ध घरांतून समुपदेशनाला येणाऱ्यांच्या तोंडी हा प्रश्न वारंवार असतो. पुढचं उदाहरण विदर्भातल्या एका शिक्षिकेचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाईंचं वय चाळिशीच्या आत, आई जाऊन सात महिने झालेले. जलदान विधी, पुण्यानुमोदन हे बौद्धांतले मृत्यूनंतरचे विधी सगळे रीतसर पार पडले होते. पण शाळा सकाळची, दुपारी घर रिकामं. रोज चारला त्या आईच्या फोटोसमोर अर्धा कप चहा ठेवू लागल्या, आईच्याच कान तुटलेल्या कपात. मोठे दीर विहारात नियमित जाणारे. त्यांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "हे श्राद्धच झालं की. मग प्रतिज्ञा कशाला घेतल्या?" 1956 साली 14 ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षेच्या वेळी दिलेल्या 22 प्रतिज्ञांतली सहावी श्राद्धपक्ष आणि पिंडदान नाकारते, हे बाईंना लहानपणापासून पाठ. चहा ठेवला की बरं वाटे, उचलला की अपराधी.

दुसऱ्या भेटीत खरी गाठ सापडली. फोटोसमोर बसलं की "आई सांगते, धाकट्याला घर देऊन टाक," असंही त्यांना वाटे. घर आईच्या नावावर. भावाने हक्कसोडपत्राचा मसुदा करून ठेवलेला. बाईंच्या लेखी चहा आणि घर, दोन्ही एकाच आतल्या आवाजाचं सांगणं. बहुतेकांची गफलत इथेच होते: आतून आलेलं सगळं एकाच पोत्यात भरायचं आणि मग पोतं खरं की खोटं, असा वाद घालायचा.

चहाचं लवकर सुटलं. विचारलं, "चहा आईला पोचतो असं वाटतं?" उत्तर आलं, "छे हो, पोचतो कुठला? थंड झाला की मीच पिते." कर्मकांडाने मृताला काही पोचतं, ही समजूत इथे नव्हतीच, होती ती आठवण. शिवाय ग्रंथ म्हणजे एकच सरळ रेघ, असंही नाही. जलदानात कप भरून वाहीपर्यंत पाणी ओततात तेव्हा म्हटली जाणारी गाथा, 'यथा वारिवहा पूरा', हीच मुळी म्हणते की भरल्या नद्या जसा सागर भरतात तसं इथे दिलेलं प्रेतांना, म्हणजे गेलेल्यांना, उपयोगी पडतं. तरीही चहा प्रतिज्ञेत बसतो की नाही, हा निकाल समुपदेशकाने द्यायचा नाही. बाईंना सांगितलं, मनात कल्पून घेतलेल्या निकालाखाली झुरण्यापेक्षा भन्तेजींना, म्हणजे विहारातल्या भिक्खूंना, सरळ विचारा. दिरांचं मत हे दिरांचं मत.

घराचं मात्र अवघड होतं. इथे लोक हमखास कालामसुत्त या बुद्धांच्या उपदेशाचा आधार घेतात. केसपुत्तच्या कालामांना बुद्धांनी सांगितलं, ग्रंथात आहे म्हणून मानू नका. तेव्हा मनाचं ऐका. पण हे अर्धंच वाचन आहे. अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथातल्या त्या सुत्तात, केवळ एवढ्यावरून मानू नका अशा दहा गोष्टींची यादी आहे. परंपरा, ग्रंथ, 'हा श्रमण आमचा गुरू' यांच्या शेजारीच तर्क, अनुमान आणि 'आपण धरलेल्या मताशी जुळतं म्हणून' हेही बसलेलं आहे. म्हणजे आपल्याला भावलं, एवढा पुरावाही पुरेसा नाही. कसोटी वेगळी आहे: यामागे लोभ, द्वेष, मोह आहे का, केल्याने अहित होतं की हित, आणि जाणते लोक याला दोष देतात का. आपला मुलगा राहुल याला बुद्धांनी दिलेल्या उपदेशात तर कृती करण्याआधी, करताना आणि केल्यानंतरही तपासायला सांगितलं आहे.

ही कसोटी वहीत उतरवली. दोनशे पानी वही, 21 दिवस, आवाज आला की दहा मिनिटांच्या आत नोंद: वेळ, वाक्य जसंच्या तसं, शरीरात कुठे जाणवलं, आदल्या रात्री झोप किती, त्याआधीच्या सहा तासांत कोणाशी बोलणं झालं, आणि 'आत्ताच कर' ही घाई 0 ते 10 मध्ये किती. अट एकच, तोवर कुठेही सही नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे एकदा नोंदलं की नंतर मन बदललं म्हणून एकतर्फी मागे घेता येत नाही.

पहिला आठवडा वाया गेला, कारण बाई रात्री बसून दिवसभराचं आठवून लिहीत. अशाने वाक्य गुळगुळीत होतं, घाई पुसली जाते आणि प्रत्येक नोंद शहाणी दिसते. दुसऱ्या आठवड्यापासून वही शाळेच्या पिशवीत गेली. पुढच्या दोन आठवड्यांत 'घर दे' नऊ वेळा आलं. त्यातल्या आठ वेळा त्याआधी भावाचा फोन होऊन गेलेला. छातीत आवळल्यासारखं, घाई 8 किंवा 9. चहाच्या वेळच्या नोंदींत मागणीच नव्हती. खांदे सैल, घाई 0. नोंदी वाचून बाई बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "आई मला कधी घाई करत नसे."

घाईचा प्रत्येक आवाज खोटाच असतो असं नाही. रस्त्यात गाडी अंगावर येते तेव्हा तोच वाचवतो. पण घर, नोकरी, लग्न, दीक्षा यांना दोन-तीन आठवडे थांबल्याने सहसा काही बिघडत नाही.

गेलेल्या माणसाचा आवाज ऐकू येणं किंवा तो जवळ असल्याचं जाणवणं शोकात पुष्कळांना होतं. तेवढ्यावरून ते आजारपण ठरत नाही. मात्र आवाज हुकूम सोडू लागला, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगू लागला, किंवा झोप दोन-तीन तासांवर आली, तर वही बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं. टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक कोणत्याही वेळी लागतो.

भन्तेजींनी चहाबद्दल काय सांगितलं ते बाईंनी सांगितलं नाही, आपणही विचारलं नाही. भावाला त्यांनी वर्षाच्या पुण्यानुमोदनापर्यंत थांबायला सांगितलं. तो चिडला, महिनाभर बोलला नाही. त्याच महिन्यात एकदा शाळेच्या परीक्षांच्या गडबडीत चहा ठेवायचा राहिला. सात वाजता लक्षात आलं. बाईंनी वही उघडली, वेळ लिहिली आणि घाईच्या रकान्यात शून्य.